सासूबाईंची सोमवारची गाडी

आमची गाडी सोळा वर्षांची आहे. बुटकी, चार दारांची, मूळ रंग चंदेरी असावा अशी. नवऱ्याच्या मते ती केव्हाच भंगारात जायला हवी होती. पण माझ्या सासूबाईंना आपलं आपण बसता येईल अशी आमच्या ओळखीत ती एकच गाडी उरली आहे. गुडघ्यांमुळे रिक्षात चढणं त्यांना जमत नाही आणि एसटी तर विसराच. हल्लीच्या उंच गाड्यांत त्यांना उचलून बसवावं लागतं, ते त्यांना मान्य नाही. आमच्या गाडीत त्या पाठमोऱ्या होऊन आधी सीटवर टेकतात, मग एकेक पाय हाताने आत घेतात आणि दार स्वतः ओढून घेतात.

हे सगळं सोमवारसाठी. सासूबाईंची थोरली बहीण त्र्यंबकेश्वरला असते, उपाध्यांच्या घरात दिलेली. मावशींना ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. कानाशी तोंड नेलं तरच बोलणं होतं. म्हणून दर सोमवारी मी सासूबाईंना त्र्यंबकला नेते. सोमवारी तिथे गर्दीचा कहर असतो, पण माझा शिवणाचा क्लास त्याच दिवशी बंद असतो, त्याला माझा इलाज नाही. नवऱ्याची तेव्हा कंपनी असते, म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

निघताना सासूबाई गाडीची पूजा करायच्या. मी घराला कुलूप लावून येईपर्यंत त्यांचं उरकलेलं असायचं. बॉनेटवर फूल, हळदकुंकू, चार अक्षता, आणि बॉनेट नि काच यांच्यामधल्या काळ्या जाळीत पळीभर त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडाचं पाणी. मावशी दर खेपेला बाटली भरून द्यायच्या. मी हसायचे, पण कधी आडवी आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात गाडी अधूनमधून बंद पडायला लागली. वाटेतलं अंजनेरी ओलांडलं की एकदम मान टाकायची आणि वीस मिनिटांनी जसं काही घडलंच नाही अशी सुरू व्हायची. एका मेकॅनिकने पेट्रोलचा पंप बदलला, दुसऱ्याने सेन्सर. ज्याला जे येत होतं ते त्याने बदललं, घोडं कुठे पेंड खातंय ते कोणालाच कळेना. एकदा वळणावर बंद पडली आणि मागून एक ट्रक हॉर्न देत अगदी चाटून गेला. शेजारी सासूबाई डॅशबोर्डवर हात ठेवून बसल्या होत्या.

"बास झालं, विकून टाकू," नवरा म्हणाला. गाडी गेली की दोघी बहिणींची भेट संपली, हे घरात कोणी बोललं नाही, पण तिघांनाही ठाऊक होतं. मी त्याच्याकडे एक महिना मागून घेतला.

कोणीतरी मला अंबडच्या कारखान्यांकडच्या एका वायरिंगवाल्याचं नाव सांगितलं. माणूस सटाण्याकडचा, बोलणं कमी. त्याने लॅपटॉप जोडला, बराच वेळ मान हलवली आणि म्हणाला, "ताई, इंजिन चांगलं हाय. याचं डोकं बिघडलंय." डोकं म्हणजे ईसीएम, इंजिनाला पेट्रोल किती नि ठिणगी कधी हे सांगणारा गाडीचा कॉम्प्युटर. पुस्तकाएवढा पत्र्याचा डबा. तो काचेखालच्या जाळीच्या बरोबर खाली बसवलेला होता.

त्याने डबा काढला, वायरींचा कपलर उपसला आणि माझ्यापुढे धरला. पिना हिरव्या पडल्या होत्या. "पाणी लय वर्षं मुरलंय आत," तो म्हणाला. मग त्याने टेस्टरच्या टोकाने कोपऱ्यातलं काहीतरी खरवडलं आणि तळहातावर घेतलं. "आन् हे काय हाय, ताई?"

हळद होती. हळदीत चिकटलेले दोन तांदळाचे दाणे होते.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने नीट समजावून सांगितलं की तसल्याच गाडीतला दुसरा डबा मिळेल, जुन्यातलं सगळं तो नव्यात उतरवून घेईल, म्हणजे आमचीच किल्ली चालेल. नाहीतर नवा डबा किल्लीला ओळखत नाही आणि गाडी सुरूच होऊ देत नाही. आठ-दहा दिवस लागतील म्हणाला.

मी भर उन्हात दोन रिक्षा बदलून घरी आले. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आईसुद्धा सांगायची. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "काय निघालं गं?"

"काय निघणार? नऊ वर्षं तुम्ही तिला तीर्थ पाजलंत, त्या तीर्थानेच मेली ती!"

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हो का," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायला तोंड उघडेना. आमच्या घरात माफी मागायची पद्धत म्हणजे दुसऱ्या दिवशी आवडीची भाजी करायची. मी गिलक्याची भाजी केली. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

दहा दिवसांनी गाडी आली. नवा डबा, त्यावर वायरिंगवाल्याने स्वतः कापून बसवलेलं रबराचं झाकण. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात सुरू झाली. सोमवारी मी म्हटलं, "चला आई, साडेनऊला निघू." त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतायत." पुढच्या सोमवारीही तेच. त्यांचे गुडघे मला चांगले माहीत आहेत. दुखत होतं ते दुसरंच काहीतरी.

तिसऱ्या सोमवारी मी एकटीच निघाले. वायरिंगवाल्याने सांगितलंच होतं, पन्नास-साठ किलोमीटर सलग चालवून बघा म्हणून. अंजनेरी आलं, गेलं. गाडीने हूं की चूं केलं नाही.

मावशी ओट्यावरच बसल्या होत्या. मी उतरले तरी त्यांची नजर गाडीच्या दुसऱ्या दाराकडे. मी जवळ बसून त्यांच्या कानात ओरडले, "आई नाही आल्या!" मग का नाही आल्या तेही ओरडून सांगावं लागलं. पाणी, हळद, कॉम्प्युटर, माझं बोलणं, सगळं. आमच्या घरातलं भांडण अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरचे पूजेचं सामान विकणारे काका तर हातातलं काम सोडून ऐकत होते.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "अगं वेडे, ते पाणी गाडीसाठी कुठे होतं? तू पहिल्यांदा गाडी घेऊन आलीस ना, त्या दिवशी ती इथेच बसून रडली. म्हणाली, सून नवीन शिकलीय, रस्ता हा असा, माझा जीव नुसता मुठीत होता. मी म्हटलं, मग तिला सांग, नको चालवू. तर म्हणते, ते मी सांगणार नाही. एवढ्या हौसेने शिकलीय. तू मला कुशावर्ताचं पाणी दे, तेवढं पुरे."

मावशींनी नेहमीसारखी बाटली भरून आणली. ती मी घेतली.

येताना मला आठवलं की सासूबाईंनी मला कधी "जपून चालव" असं म्हटलेलंच नाही. नवरा तर रोज शंभर सूचना देतो, पण त्यांनी एकही दिली नव्हती. मी समजत होते, यांना गाडीतलं काय कळतंय.

घरी आले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसून चार काड्या निवडल्या.

"मावशींनी सांगितलं सगळं," मी म्हटलं. "मी चुकले. असं बोलायला नको होतं."

"ओरडून सांगितलं असेल तिने," त्या म्हणाल्या.

"गल्लीभर."

त्या थोड्या हसल्या. मग खाली बघतच विचारलं, "तुला भीती नाही वाटत गं, चालवताना?"

नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की त्यात काय भ्यायचं. क्लासमधल्या बायकांना, नवऱ्याला, आरशातल्या स्वतःला.

"वाटते," मी म्हटलं. "दर सोमवारी वाटते. ट्रक मागे लागला की पाय थरथरतो."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझा हात धरला.

"मग येते मी पुढच्या सोमवारपासून," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, गाडीत मी एकटीच घाबरलेली असते."

"पुढच्या सोमवारची कशाला वाट बघायची, आई?"

"मग उद्या चल. मंगळवारी गर्दी कमी असते."

दुसऱ्या दिवशी मी क्लास बंद ठेवला.