अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबलेलं पुस्तक

छापून, बांधून तयार असलेलं पुस्तक गठ्ठ्यात पडून राहिलेलं मला बघवत नाही. त्यातून ते मोबाइलची अ‍ॅप बनवण्याच्या एका नव्या प्लॅटफॉर्मवरचं. मराठीत त्यावर दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी लिहायला घेतलं होतं. कुपवाडच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणारा माझा एक जुना विद्यार्थी त्याच पुस्तकासाठी खोळंबला होता. पुस्तक हातात आलं की नव्यावर जातो, तोवर जुनंच बरं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यासारखे तिथे बरेच होते आणि सगळ्यांची अडचण एकच, इंग्रजी.

सांगलीतल्या माझ्या प्रकाशककाकांनी मात्र ठरवून टाकलं होतं की पुस्तक अक्षय्य तृतीयेलाच बाहेर पडणार. पहिली प्रत बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवापुढे ठेवायची, मग विक्री. त्यांच्या वडिलांपासून हेच चालत आलेलं. शाळेची गाइडं छापणाऱ्याला ते शोभतं. मी रोज फोन करून भंडावून सोडलं, तर ते शांतपणे म्हणाले, "आवं बाई, पुस्तक काय दूध हाय व्हय नासायला?"

माझं दूधच होतं, काका. मुहूर्ताला आठवडा उरला असताना प्लॅटफॉर्मची नवी आवृत्ती आली आणि पहिल्याच प्रकरणातली पहिली आज्ञा चालेनाशी झाली. मी काकांवर चिडले, त्या परदेशी कंपनीवर चिडले, घरातल्या कुकरवरही चिडले. शेवटी एक शुद्धिपत्र छापून घेतलं: पहिलं उदाहरण चाललं नाही, तर तात्पुरती प्लॅटफॉर्मची जुनी आवृत्ती बसवून घ्या. काका स्वतः बसून प्रत्येक प्रतीत ते घालत होते. त्यांना माझी दया आली असावी.

पुस्तक खपलं. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. लोक खरंच या प्लॅटफॉर्मवर येतायत की नुसतं कपाटात ठेवतायत, कळायला मार्ग नव्हता. दिवाळीनंतर न राहवून कुपवाडला गेले. विद्यार्थ्याने फाउंड्रीतल्या कामगारांच्या हातातलं अ‍ॅप दाखवलं. आलेला माल, गेलेला माल, सगळं मराठीत. शेजारच्या कारखान्यांतही त्यानंच बसवलेलं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग सहज मी आवृत्ती बघितली. सगळीकडे तीच, शुद्धिपत्रातली जुनी. कंपनीनं तिच्याकडे बघणंसुद्धा सोडलं होतं. उद्या काही बिघडलं तर दुरुस्त करायला कुणी नव्हतं.

मी घाबरूनच त्याला विचारलं, अपडेट का केलं नाहीस, शुद्धिपत्रात तात्पुरतं लिहिलं होतं ना?

"अपडेट आलं की मी सगळ्यांकडं ते बंद करतो, मॅडम," तो म्हणाला. "तुमी लिवलं न्हाई अजून त्यावर. तुमी लिवलं की लगेच चालू करतो."

यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. कारखान्यातली माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. कुणीतरी चहा आणून दिला.

लिहितेय, असं मी सांगितलं. एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती.