मास्तरांचा डावा कान

गाडीत बसण्याआधी मास्तर चारही टायरांना हलकी लाथ मारून बघत. गाडी शिकायला आलेल्या नव्या शिकाऊला आधी चपलेचा नंबर विचारत, मग नाव. त्यांच्या पायाशी जादाचा ब्रेक होता. तो दाबावा लागला की गाडीलाच "माफ कर गं" म्हणत. काच कायम खाली, डावा कोपर खिडकीबाहेर. सव्वीस वर्षं ते त्याच बाजूला बसले. उन्हाने त्यांचा डावा गाल उजव्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसे.

मग डाव्या कानावर खपली धरली. पडली, पुन्हा धरली. तपासणीत त्वचेचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, कापून काढू. कानाचा वरचा भाग जाईल.

"मग चष्मा काय खिळ्याला अडकवू?" मास्तर म्हणाले. बायको हसली नाही.

त्यांच्याकडे तेव्हा एक मुलगी गाडी शिकत होती. साहित्यात एम.ए. झालेली. ते तिला पोरी म्हणत, ती त्यांना काका. प्रकाशाच्या उपचाराबद्दल त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं.

"पोरी, तू एवढी पुस्तकं खाल्लीस. दोन्हींचं वाच आणि एका कागदावर लिहून आण. माझ्या डोक्यात शिरेल असं."

तिने चार दिवस वाचलं. कागदाचे दोन भाग केले. एकीकडे शस्त्रक्रिया: टाके, व्रण, सहा आठवडे काम बंद. पण काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासतात, मागे काही राहिलं का ते कळतं. दुसरीकडे प्रकाश: मलम लावायचं, तीन तास थांबायचं, मग लाल दिवा. आग होते, पण कान शाबूत. खाली एक ओळ होती: हा उपचार वरच्या थरापुरताच, खोल गेलेल्या गाठीपर्यंत पोचत नाही.

स्वच्छ प्रत काढताना ती ओळ तिने गाळली. काकांचा चेहरा पडेल, असं वाटलं. शिवाय तिची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. मास्तर सहा आठवडे घरी बसले असते तर ती रखडली असती. हेही खरं होतं.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "ठरलं. दिवा."

दुसऱ्या दवाखान्यात तीच त्यांना घेऊन गेली, शिकता शिकता. तपासणीचा रिपोर्ट बघून इथेही कापायलाच सांगतील, म्हणून तो त्यांनी गाडीच्या खणातच ठेवला. आत विचारलं तेव्हा म्हणाले, "हरवला हो. उन्हाचा डाग आहे, वरवरचा." ती शेजारी उभी होती.

दिव्याचा उपचार झाला. ती पास झाली. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला.

आठ महिन्यांनी मानेत गाठ लागली. कान गेला, मानेतल्या गाठी काढल्या. तरी आजार पुढे पोचलाच होता.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात खुर्ची टाकून बसू लागले. तिने तिथेच सांगितलं.

"काका, मी एक ओळ गाळली होती."

"कुठली?"

तिने सांगितली. शब्द न् शब्द पाठ होती.

समोर एक शिकाऊ गिअर करकरवत होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी त्याला शिवीही घातली नाही.

"रिपोर्ट मी लपवला," शेवटी ते म्हणाले. "पण तुमच्या कागदावर मी डोळे मिटून विश्वास टाकला."

त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"रडू नका, कामाला लागा. इथे अजून सात मास्तर आहेत. सगळे डावीकडेच बसतात. रोज एकेकाला बोलवा. मला त्यांचे कान बघायचेत."

पहिला म्हणाला, "धुवून आलोय हं, काळजी नको." दुसऱ्याचा साफ होता. तिसऱ्याच्या कानामागे खपली निघाली. मास्तरांनी ती वाकून वाकून बघितली.

"उद्याच डॉक्टरकडे जा. रिपोर्ट खिशात ठेव आणि जे विचारायचं ते त्यांनाच विचार. कुणाकडून लिहून आणू नकोस."

ती शेजारीच उभी होती.

चौथ्याला त्यांनी सोमवारी सकाळी थांबायला सांगितलं होतं. रविवारी मास्तरांना दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत. चौघांचे कान बघायचे राहिले.