उजवीकडून पहिली

नांदेडला स्टेशनमागच्या गल्लीत लुंबिनी गजभारेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात येतं, आत डोकावतं आणि विचारतं, "दादा नाहीत का?" लुंबिनी हातातलं काम न सोडता सांगते, "दादा कधीच नव्हते. काय बिघडलंय ते बोला." बारा वर्षं झाली, लोकांचा प्रश्न सुधारला नाही आणि तिचं उत्तरही.

ती मूळची हदगावची. आई चांगुणा लोकांच्या शेतात कापूस वेचायची, पोरीनं स्क्रू वेचले. काम शिकली ती नांदेडातल्याच एका म्हाताऱ्या उस्तादाकडे. उस्ताद बशीतून चहा प्यायचे आणि शिकणाऱ्यांकडून एकच वाक्य घोकून घ्यायचे, "जो खोला, वोइच बिठाना." ज्यानं उघडलं, त्यानंच बसवायचं. दुसऱ्यानं उघडलेलं मशीन हाती आलंच, तर त्या माणसाला शेजारी बसवून घ्यायचं. लुंबिनीनं हा नियम इमानानं पाळला. मोडला एकदाच, निलंग्याच्या अण्णारावांच्या कामात, आणि ते तिला चांगलंच महागात पडायला निघालं होतं.

अण्णाराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात शाळा शिकलेले, त्यांनी घरीच पोराकडून पाटीवर उर्दू गिरवून घेतलं होतं. आसपासच्या गावांतले लोक घरातली जुनी कागदपत्रं घेऊन यायचे. वाटणीपत्रं, करारनामे, विहिरीच्या पाण्याचे तंटे. अण्णाराव ती वाचायचे, मराठीत उतरवायचे आणि निलंग्यातल्या वाचनालयाच्या जुन्या सर्व्हरमध्ये भरायचे. एकही पैसा न घेता नऊ वर्षं. मग काचबिंदूनं गाठलं. डावा डोळा गेला, उजव्याची हमी डॉक्टरांनी दिली नाही. मूळ कागद ज्याचे त्यानं घरी नेलेले. ते पुन्हा गोळा करून वाचणं आता अण्णारावांकडून व्हायचं नव्हतं. दुसरी प्रत काढून ठेवायची असते, हे वाचनालयात कुणाच्या गावीही नव्हतं.

एक दिवस सर्व्हर टकटक वाजायला लागला. अण्णारावांनी लुंबिनीला फोन लावून तो मशीनजवळ धरला आणि तिनं आवाजावरूनच ओळखलं, डिस्क जायला आल्या आहेत. नेमकी चांगुणा दवाखान्यात होती, लुंबिनीचा पाय नांदेडातून निघेना.

"अण्णा, मशीन आधी बंद करा," ती म्हणाली. "समोर चार डिस्क हायेत. एकेक ओढून काढा, तिच्यावर नंबर टाका आन् एसटीनं धाडून द्या. पुढचं मी बघते."

अण्णारावांनी चिकटपट्ट्यांवर ठसठशीत १, २, ३, ४ लिहिलं आणि शांतम्मांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या लुगड्यात डिस्क गुंडाळून पाठवल्या. लुंबिनीनं चारही डिस्क नव्या डिस्कांवर जशाच्या तशा उतरवल्या, तेच नंबर नव्यांवर टाकले आणि आई घरी आल्यावर सकाळची गाडी धरून निलंग्याचं वाचनालय गाठलं.

चारही खणांत नव्या डिस्क बसवल्या, बटण दाबलं. पंखे घुमले. पडद्यावर एक ओळ आली: मशीन सुरू करायला डिस्क सापडत नाही. तिनं वायरी पाहिल्या, आतली बॅटरी बदलली, रॅम काढून पुसली. पुन्हा तीच ओळ. मग जुन्या डिस्क घातल्या. त्यांनीही तेच म्हटलं. नव्या चालत नाहीत, जुन्याही चालत नाहीत, म्हणजे आपण उतरवलं ते काय? त्यात मशीननं पुढचा प्रश्न टाकला: जुनी मांडणी पुसून नवी करू का? हो म्हटलं असतं तर मशीन झकास सुरू झालं असतं, रिकामं. तिनं कीबोर्ड लांब सरकवला.

अण्णाराव खुर्चीत बसून पंख्यांचा आवाज ऐकत होते. "गेलं का, माय?"

खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "माहीत न्हाई, अण्णा. शोधून राहिले."

"डोळ्याचं मला इतकं लागलं न्हाई बघ," ते म्हणाले. "पर हे गेलं तर नऊ वर्सं मी हितं काय केलं?"

शांतम्मांनी घरून चहा आणला. नवरा रडेल म्हणून त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या आणि लुंबिनीकडे बघवत नव्हतं, म्हणून चहाच्या कपाकडे बघत उभ्या होत्या. लुंबिनीनं सवयीनं चहा बशीत ओतला. आणि बशी बघून तिला उस्ताद आठवले.

तिनं चारही नव्या डिस्क अण्णारावांच्या मांडीवर ठेवल्या. "तुम्ही काढल्या होत्या ना? तुम्हीच घाला."

"मला नीट दिसतंय कुठं?"

"नंबर मी सांगते. हात तुमचा चालू द्या."

एक नंबरची डिस्क त्यांच्या हातात दिली. अण्णारावांनी मशीन चाचपलं आणि हात थेट उजव्या टोकाच्या खणाशी नेला.

"अहो अण्णा, तो चौथा खण हाय!"

"चौथा कसा? सुरवात हितूनच की." त्यांना तिचंच नवल वाटलं. "उर्दूचं पान उजवीकडूनच लागतं."

लुंबिनीनं कपाळावर हात मारून घेतला. हे मशीन जुन्या वळणाचं, डावीकडच्या टोकाच्या डिस्कवरूनच जागं होणारं, आणि बाकीच्याही आपापल्या जागी लागतात. तिनं सगळ्या उलट्या लावल्या होत्या, नव्याही आणि जुन्याही.

"चूक माझीच झाली म्हण की," अण्णाराव पडेल आवाजात म्हणाले.

"तुमची कशी? कुठून मोजलं ते मी इचारलंच न्हाई."

अण्णारावांनी उरलेल्या तिन्ही डिस्क आपल्या हातानं घातल्या, उजवीकडून डावीकडे. मशीन दोन मिनिटं घुटमळलं आणि सुरू झालं. पण लुंबिनीचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. आतलं शाबूत आहे का, ते पाहायचं होतं. तिनं मधलीच एक फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचली, "विहीर दोघा भावांची सामाईक. एक दिवस पाणी थोरल्याचं, एक दिवस धाकट्याचं..." आणि ती मुद्दाम थांबली.

"आन् अमावास्येला कुणाचंच न्हाई," अण्णाराव म्हणाले, "त्या दिवशी पाणी गावच्या जनावरांचं."

पडद्यावर अक्षर न् अक्षर तेच होतं. शांतम्मांनी पदर डोळ्याला लावला. लुंबिनीचेही डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

मग तिनं सगळ्याच्या आणखी दोन प्रती काढल्या, एक तिथं ठेवायला, एक नांदेडला न्यायला. खणांखाली नवे नंबर चिकटवताना अण्णाराव म्हणाले, "आता तुमच्या रीतीनं डावीकडून टाक." तिनं ऐकलं नाही. १ उजवीकडे टाकला आणि डावीकडं जाणारा बाण काढला.

ती पिशवी आवरायला लागली, तेव्हा अण्णारावांनी कपाटाकडे बोट केलं. "एक गठ्ठा ऱ्हायलाय. लोकांनी अजून नेला न्हाई. उजव्या डोळ्यात नजर हाय तवर भिंग लावून वाचीन मी. पर लिवायचं कुणी? हिला लिवता येत न्हाई."

चारच्या गाडीला अर्धा तास होता. लुंबिनीनं पिशवी खाली ठेवली, कीबोर्ड जवळ ओढला आणि आईला फोन करून सांगितलं की उद्या येते.

"हं, बोला अण्णा," ती म्हणाली. "उजवीकडून."