अण्णामामांनी बांधलेला फेटा

अण्णामामा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. पहिलीच ओळ खोटी होती. 'पक्षाचे जुने हितचिंतक व ज्येष्ठ वकील...' मामींनी पेपर माझ्या हातात दिला. "मेल्यावरसुद्धा मेंबर करून घेतलं बघ," एवढंच म्हणाल्या.

या सगळ्याच्या मुळाशी माझं लग्न आहे. त्या लग्नातून जगात काही विशेष घडलं असं माझी बायको मानत नाही, पण एका माणसाचं हायकोर्ट त्यात गेलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सासर पिंपळगावचं, द्राक्षांच्या व्यापारातलं, म्हणजे दोन्ही पक्षांचे पुढारी मांडवात येणारच. आमच्याकडे मानाचे फेटे नवरदेवाच्या मामाने स्वतः बांधायचे असतात. शिवलेला तयार फेटा अण्णामामांना चालत नसे. त्यांनी एका पक्षाच्या आमदारांना फेटा बांधला, पाठोपाठ विरोधी पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना, मग आमच्या दूधवाल्याला. तिघांनाही सारख्याच निगुतीने. त्या आमदारांच्याच संस्थेविरुद्ध मामा तेव्हा पेठच्या शेतकऱ्यांची जमिनीची केस हायकोर्टात लढवत होते. मी कुजबुजलो तर म्हणाले, "भांडण कोर्टात आहे रे, मांडवात नाही." ती केस ते पुढे जिंकलेही.

काही वर्षांनी हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी त्यांचं नाव पुढे गेलं. तोवर ते आमदार मंत्री झाले होते. एका सकाळी मंत्र्यांच्या विरोधकांची तळी उचलणाऱ्या पेपरात, पहिल्या पानावर, माझ्या लग्नातला फोटो. मामा फेटा बांधताहेत, मंत्री मान खाली घालून बसलेत. शेजारचा नवरदेव कापून टाकलेला. माझ्या मुंडावळीचं टोक तेवढं उरलं होतं. वर मथळा, 'न्यायमूर्ती की निष्ठावंत?' जमिनीच्या केसबद्दल अवाक्षर नाही.

मी तिरीमिरीत अल्बम काखेत मारून त्या पेपरच्या कचेरीत गेलो. जिल्हाध्यक्षांच्या फेट्याचा फोटो दाखवला. उपसंपादक म्हणाले, "छान आलाय. पण यात बातमी नाही." मग मंत्र्यांच्या बाजूच्या पेपरात गेलो. तिथे चहा मिळाला. त्यांनी अल्बम चाळला आणि नेमका तोच, मंत्र्यांचा फोटो मागून घेतला. "दुसरा राहू द्या हो, हाच झकास आहे." मी आपला खूश, कुणीतरी आपली बाजू घेतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'आपल्या माणसाचा सन्मान.' शिव्या देणाऱ्यांनी निदान प्रश्नचिन्ह तरी ठेवलं होतं...

घरात मामी चिडल्या. "फेटे बांधायला हात शिवशिवतात तुमचे. आता दोन ओळींचा खुलासा लिहायला काय झालं?"

"उद्या दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यायचा," मामा म्हणाले, "आणि आज पेपरात स्वतःचीच वकिली करायची?"

नाव मागे पडलं. का, ते कुणी सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही. ते पद गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण ते पचवलं. पचलं नाही ते पुढचं. त्यांच्याकडे नव्या तऱ्हेचे पक्षकार येऊ लागले. केसचे कागद न आणता येत. खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणत, "साहेब, तुमचं वजन आहे म्हणे." पेपरात वाचलेलं असे ना! मामा त्यांना उठवून जिन्यापर्यंत पोचवत. पुढच्या लग्नांत त्यांनी फेट्याला हात लावला नाही. बोटं दुखतात म्हणायचे. त्याच बोटांनी ते रोज पानंच्या पानं लिहीत होते.

गेल्या रविवारी त्यांच्या ऑफिसची खोली आवरायला गेलो होतो. खुर्च्या तशाच समोरासमोर, चष्मा टेबलावर. फोन वाजला. पलीकडे निफाडकडचे कुणी गृहस्थ होते. पोराच्या बदलीचं काम होतं. मी म्हटलं, वकीलसाहेब वारले.

"अरेरे. लय वाईट झालं." त्यांनी पुढे विचारलं, "मग आता त्यांच्या पार्टीत हे काम कोण बघतं?"

"ते कुठल्याच पार्टीत नव्हते, काका."

पलीकडून समजूतदार हसू ऐकू आलं.

"बरोबर हाय तुमचं. फोनवर कसं सांगणार तुम्ही."