दिवा मोजताना राम राम नाही

किस्से गोळा करायला मी काही गावभर हिंडत नाही. मानवतला माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि समोर ओळीनं मोटारसायकलींची गॅरेजं. मिस्त्री मंडळी नटबोल्ट न्यायला येतात आणि जाताना एखादा किस्सा काउंटरवर ठेवून जातात. सध्या साठलेत ते सगळे एकाच सेमिनारचे!

*

सुरुवात झाली सुईपासून. भगवानकाका आमच्या ओळीतले सगळ्यात जुने मिस्त्री. कार्बोरेटर उघडायचा, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या भोकात, बारीक सुई फिरवायची, फुंकर मारायची, गाडी चालू! पुढं नव्या गाड्या आल्या, त्यांत कार्बोरेटरच नाही, इंजेक्टर. शाळेतल्या देशमुख सरांची नवी गाडी बंद पडली तेव्हा काकांनी इंजेक्टर काढला आणि सवयीनं त्यातही सुई फिरवली. इंजेक्टर कामातून गेला!

नवा त्यांनी स्वतःच्या खिशातून घेतला, माझ्याच दुकानातून. विक्री होऊनही वाईट वाटलं, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर नवी गाडी दिसली की काका म्हणायचे, "परभणीला शोरूमला न्या." जुन्या गाड्या तर कमीच होत चाललेल्या. गॅरेज बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या.

*

तेवढ्यात एका सेल्समननं फॉर्म आणला. संभाजीनगरला इंजेक्टरवाल्या गाड्यांवर दोन दिवसांचा सेमिनार. फी ऐकून शेजारच्या गॅरेजचे नागोराव खो खो हसले. "खुर्चीवर बसून गाडी नीट झालेली पाह्यली का कुणी? त्यापरीस दोन दिवस घरी झोपा, फुकट हाय!"

खरं सांगतो, फी मलाही जास्तच वाटली होती.

काकूंनी मात्र निकाल लावला. "सुई धरून बसण्यापरीस जावा तिकडं. न्हाई जमलं तर गॅरेज बंद करायला कुठं मुहूर्त लागतोय?"

*

काका पान्यांची पिशवी घेऊन गेले. एसी हॉलच्या दारात नावं लिहून घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, हे कशाला?"

"गाडी खोलायला!"

दुपारी मला फोन. "आरं, एक नट ढिला केला न्हाई अजून. सगळी गाडी पडद्यावरच खोलायलेत!"

दुसऱ्या दिवशी काका सरळ उभे राहिले. "साहेब, तुमची ती तपासायची मशीन माझ्याकडं न्हाई. मग मी काय करू?" शिकवणारे साहेब म्हणाले, "मीटरमधला दिवा बघा. चावी फिरवल्यावर तो जितक्या वेळा लुकलुकेल, तितक्या नंबरचा बिघाड." आणि नंबरांची यादीच लिहून दिली.

परत आल्यावर नागोरावांनी विचारलं, "काय शिकून आलाव?"

"मोजायला."

"ते तर अंगणवाडीत फुकट शिकवतेत!"

*

पहिली गाडी आली ती देशमुख सरांचीच. सर पुन्हा आले, यातच काका अर्धे जिंकले होते. चावी फिरवली, काका दिव्याकडं टक लावून बोटाच्या पेरांवर मोजायला लागले. एक, दोन, तीन... "राम राम भगवानराव!" कुणीतरी सायकलवरून गेलं. आता राम राम न घेणं काकांच्या रक्तात नाही. घेतला, आणि आकडा गेला! पुन्हा चावी, पुन्हा कुणाचा तरी राम राम. तिसऱ्यांदा काकांनी मान वर केली नाही. आकडा मिळाला, यादीत पाहिलं, उंदरानं कुरतडलेली एक वायर जोडली आणि गाडी सुरू!

पण बातमी वेगळीच पसरली. "दोन दिवस सेमिनारला काय गेला, लय शेफारला. राम राम घेईना!" शेवटी काकांनी पाटीच लावली: 'दिवा मोजताना राम राम घेतला जाणार नाही. राग नसावा.'

आता सरांच्या शाळेतल्या गाड्याही येतात.

*

परवा नागोरावांचे जावई नव्या गाडीवर आले आणि गाडी सासऱ्यांच्या गॅरेजसमोरच बंद पडली. नागोरावांनी तासभर झटापट केली. जावयाला परभणीला ढकलत कसं पाठवायचं? शेवटी स्वतःच गाडी ढकलत काकांकडं घेऊन आले. मान खाली.

काकांनी यादी काढली. चावी फिरवली. काकांची बोटं हलू लागली. मी पाहिलं, शेजारी उभ्या नागोरावांचीही हलत होती.

मागून जावई म्हणाले, "मामा, लय वेळ लागंल का?"

नागोराव गरकन वळले. "गप बसा जावईबापू! सातवर आलोत आमी!"