औषध लागू पडलं का

माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचं खेळाचं यंत्र टीव्हीखाली तसंच राहिलं. जाण्याआधी त्याने माझ्या वडिलांना त्यातला एक खेळ शिकवून ठेवला होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, महाराजपूरच्या घरात आता बाबा आणि मी दोघंच. बाबांना तो नानाजी म्हणतो; नानाजींचा वेळ जाईल, असं त्याचं म्हणणं. मला रागच आला. खमरियाच्या फॅक्टरीत जन्मभर यंत्रांशी झटलेल्या माणसाच्या हाती म्हातारपणी पुन्हा यंत्रच द्यायचं?

पण बाबा रमले. त्या खेळात एक अख्खं राज्य होतं. डोंगर, नद्या, गावं, बाजार; घोड्यावर बसा आणि वाटेल तिकडे जा, अडवणारं कोणी नाही. राज्यावर राक्षसाचं संकट आलेलं आणि ते निवारायला म्हणे तुम्हाला पाठवलेलं. बाबांनी राक्षसाकडे ढुंकून पाहिलं नाही. गावात ज्याचं काही काम अडलं असेल त्याच्या डोक्यावर पिवळी खूण दिसायची, आणि बाबांना तेवढ्या खुणाच दिसायच्या. राज्य बुडत होतं आणि आमचे बाबा कोणाची तरी हरवलेली बकरी शोधत हिंडत होते.

मुलगा फोनवर हसायचा. असली कामं खेळ लांबवण्यासाठी भरताड म्हणून घातलेली असतात, त्यांत काही दम नसतो, असं समजावायचा. एक बटण दाबलं की थेट दुसऱ्या गावी पोचता येतं, हेही त्याने सांगून पाहिलं. मग वाटेतली माणसं कशी भेटणार, म्हणून बाबांनी ते बटण कधी दाबलं नाही.

मला यात नवल नव्हतं. खमरियाला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हाही बाबा असेच होते. शहरात जायचं तर घरांच्या अख्ख्या रांगेला विचारून जायचे. कोणाचं औषध, कोणाचा स्टोव्ह दुरुस्तीला. आणि औषध आणून दिलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरी चौकशीला जाणं ठरलेलं. तिथे बसायचे, चहा घ्यायचे, पुन्हा घ्यायचे. पेशंट बरा होईल, पण यांना चहा देऊन देऊन घरवाली आजारी पडेल, असं आई म्हणायची. तीही मागून जायचीच.

खेळातल्या एका गावात एक म्हातारी दारात बसलेली असायची. तिला खोकला होता. डोंगरापलीकडची एक मुळी आणून द्या, असं तिचं काम. बाबांनी दोन-तीन दिवस खपून ती आणली. म्हातारीने आभार मानले, डोक्यावरची खूण गेली, पडद्यावर काम पूर्ण झाल्याची अक्षरं आली. खेळाच्या लेखी विषय संपला.

बाबांच्या लेखी नाही. दुसऱ्या दिवशी ते घोडा घेऊन पुन्हा तिच्या दारात. म्हातारी म्हणाली, आज वारा छान सुटला आहे. तिसऱ्या दिवशीही वाराच सुटला होता. गरज सरो, वैद्य मरो, हा न्याय त्या राज्यात अगदी काटेकोर पाळला जायचा. खेळ करणाऱ्यांनी गवताचं पान न् पान हलतं केलं होतं, पावसात घोड्याची पाठ भिजत होती. पण काम झाल्यावर कोणी परत येऊन, बरं वाटतं का, असं विचारेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

बाबा मात्र रोज जात राहिले. नवी गावं, नवी कामं सुटली, फक्त ती म्हातारी उरली. मला काळजी वाटू लागली. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर पुन्हा तेच, घोडा तिच्या दाराशी उभा. मी वैतागून म्हटलं,

"काहून जाऊन राहिले बाबा रोज तिच्याकडे? ती काही सांगणार आहे का तुम्हाला?"

"औषध लागू पडलं का, ते विचारायला जातो."

"तिला बोलताच येत नाही दुसरं काही."

"माहीत आहे ना मला." बाबा पडद्याकडेच पाहत होते. "तुझी आई आजारी होती ना, तर संध्याकाळ झाली की केस विंचरून, कुंकू लावून बाहेरच्या खोलीत बसून राहायची. कोणी विचारायला आलं तर मी अंथरुणात नको, म्हणे. रोज बसली ती. इथे कोण येतं? ही पण दारातच बसून राहिली आहे बिचारी."

खमरियातली रांग निवृत्तीनंतर मुलांमागे नागपूर-पुण्याला पांगली होती. महाराजपूरचे शेजारी वाईट नव्हते. काही लागलं तर सांगा, असं फाटकावरून म्हणायचे, मोबाईलवर हात जोडलेली चित्रं पाठवायचे.

मी बाबांशेजारी बसले. त्या दिवसांत ऑफिसातून परतले की आई मला तशीच दिसायची, केस विंचरलेली, कपाळावर ताजं कुंकू. आज हिला बरं वाटतंय, असं मला वाटायचं. मी खूश व्हायची. त्या खुशीचं आता काय करू, मला कळत नाही.