चाळिसावं नाव

सहादेवकाका कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरताना चपला बाहेर काढत, घरचे चपला घालून फिरत असले तरी. काम संपेपर्यंत पाणी घेत नसत. गॅस गळतोय का ते साबणाच्या फेसाने बघत. साबणाची वडी स्वतःची, पावडरच्या जुन्या डब्यात. रिकाम्या सिलिंडरलाही कुणाला लाथ मारू देत नसत. नवी शेगडी पहिल्यांदा पेटवायची ती घरातल्या बाईनेच, हा त्यांचा हट्ट. नवरा पुढे सरसावला तर म्हणत, "तुम्ही चहा प्या हो नंतर. आधी त्यांना."

भाईंदर पश्चिमेला काशीनाथशेठची गॅस एजन्सी होती. काका तिथे फिटर. नवीन कनेक्शनआधी घर तपासायचं कामही त्यांचंच. मराठी घेऊन बी. ए. झालेली रसिका एकोणनव्वद साली तिथे रजिस्टर लिहायला लागली. काका तिला मास्तरीणबाई म्हणत.

पूर्वी ते मुंबईत एका विलायती कंपनीत होते. तेव्हा सिलिंडर बंगल्यांत जायचे, मागच्या जिन्याने. शहात्तर साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि काकांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले.

"पेढे कशाला? पगार वाढला होता का?" रसिकाने विचारलं.

"छे! साहेब बदलला, कँटीनचा चहा तोच पाणचट. पण कंपनी आपली झाली ना. आता बंगला आणि झोपडं एकाच रांगेत."

रांग मात्र लांबलचक होती. सहा-सात वर्षांनी नंबर लागायचा. एजन्सीला महिन्याला चाळीस कनेक्शनं यायची, वर एकही नाही. शिवाय नियम होता: शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणजे घरात ओटा हवा. सोसायट्यांत ओटा बांधूनच मिळायचा. खारी, चेणे अशा आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांत चूल जमिनीवर. 'ओटा नाही' असा शेरा पडला की नाव कटायचं आणि माणूस पुन्हा रांगेच्या शेपटाला जायचा.

काका तो शेरा लिहीतच नसत. रकाना कोरा ठेवून म्हणत, "आठ दिवस थांबा, मास्तरीणबाई." मग बिल्डरांच्या साइटवरून उरलेल्या विटा मागून आणत. रविवारी त्या घरी जाऊन स्वतः ओटा बांधून देत. सोमवारी रकान्यात लिहीत: ओटा आहे.

ब्याण्णवच्या मार्चमध्ये चाळिसावं नाव चेण्याच्या गिरिजाबाईंचं होतं. एक्केचाळिसावं उर्मिलाबाईंचं, म्हणजे रसिकाच्या आईचं. गिरगाव सोडून इकडे आल्यापासून आई रॉकेलच्या स्टोव्हवर रांधत होती. त्या वासाने तिला उमासे यायचे. पोळ्या लाटता लाटता ती मोरीकडे धावायची.

महिनाअखेर आली. काशीनाथशेठ यादी मागत होते. काका बाहेर कामावर होते. गिरिजाबाईंपुढचा रकाना कोरा होता. रसिकाने पेन उचललं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ओटा नाही.

त्यात खोटं काहीच नव्हतं.

आईकडे गॅस जोडायला काकाच आले. फेस लावला, पुसला. आईने शेगडी पेटवली आणि हात जोडले. "उपकार झाले हो, सहादेवराव."

"उपकार कसले, ताई? नंबर होता तुमचा."

रसिका त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेली. काका पायात चपला सरकवत होते. वर न बघता म्हणाले, "रसिका, अक्षर छान आहे तुझं."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती.

उद्या कबूल करू, असं तिने ठरवलं. उद्याचा आठवडा झाला. काका गिरिजाबाईंचा नवा अर्ज घेऊन आले. रसिकाने त्यावर नंबर घातला. नंबर तीन हजारांच्या पुढचा होता.

"काका, मी..."

"शिक्का मार आधी. ओला बसला की पुसतो तो."

तिने शिक्का मारला. सांगायचं राहिलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी दाढी करताना काका कोसळले. पन्नाशी उलटून दोनच वर्षं झाली होती. एजन्सीत निरोप आला तेव्हा रसिका रजिस्टर लिहीत होती. ती लिहीतच राहिली. काशीनाथशेठनी हातातलं पेन काढून घेतलं, तेव्हा कळलं, एकच नाव तिने चारदा लिहिलं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ती चेण्याला गेली. गिरिजाबाई दारात मासे साफ करत होत्या.

"हापिसातली का तू? सहादेवदादा आयला न्हाय. दोन रविवार झाले."

काका गेले, हे रसिकाने सांगितलं. गिरिजाबाईंच्या हातातली सुरी थांबली.

"माझं नाव कटलं तवा लय वाईट वाटलेलं त्याला," त्या म्हणाल्या. "बोलला, चूक माझी हाय बाय. इटा आनाया मला उशीर झाला."

"त्यांची नव्हती," रसिका म्हणाली. "शेरा मी लिहिला. तुमच्यानंतर माझ्या आईचा नंबर होता."

गिरिजाबाईंनी मान वर केली. शिवी आली असती तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि रसिकाला आत बोलावलं.

"बघ," त्या म्हणाल्या.

चुलीच्या बाजूला विटांच्या दोन भिंती गुडघ्याच्या वर आल्या होत्या. वर टाकायचा कडप्पा कोपऱ्यात उभा होता. तिसऱ्या भिंतीच्या चारच विटा लागल्या होत्या. त्यांच्यावर सुतळी ताणून ठेवलेली होती, पुढचा थर सरळ यावा म्हणून.